नाळ कोणी कापली आणि शेण कोणी लावले?

आमच्या सभा-संमेलनांत एक शब्द फार स्वस्त झाला आहे. तो म्हणजे नाळ. कार्यकर्ता निवडून आला की त्याची समाजाशी नाळ घट्ट असते, मंत्रिपद मिळाले की चळवळीशी नाळ तुटते आणि निवडणुका जवळ आल्या की ती पुन्हा जोडली जाते. तुटलेली नाळ पुन्हा जोडल्याचे वैद्यकशास्त्रात एकही उदाहरण नाही. तो चमत्कार फक्त राजकारणात घडतो! परंतु आज आम्हांला बोलायचे आहे ते खऱ्या नाळेबद्दल. आईच्या पोटात नऊ महिने बाळाला जगवणारी, जन्मताच कापली जाणारी आणि मग बाळाच्या बेंबीवर आठ-दहा दिवस काळीठिक्कर होऊन सुकत राहणारी नाळ. वैचारिक लेखाच्या जागेत हा बाळंतिणीच्या खोलीतला विषय कशाला, असे काही पुरुष वाचकांना वाटेल. त्यांना एकच विचारतो. या बोटभर तुकड्याचा देशाच्या कायद्यात नाव घेऊन उल्लेख आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

१९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९७६ साली दुरुस्त झाला आणि त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले. त्याच दुरुस्तीने त्यात कलम ७-अ आले. अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्या व्यक्तीला झाडलोट वा मैलासफाई करायला, मेलेले जनावर उचलायला, जनावराचे कातडे सोलायला किंवा नाळ काढायला भाग पाडणे हा गुन्हा आहे, असे हे कलम सांगते. शिक्षा किमान ३ महिने, कमाल ६ महिने आणि सोबत १०० ते ५०० रुपये दंड. 'भाग पाडणे' यात सामाजिक किंवा आर्थिक बहिष्काराची धमकीही येते, असा खुलासा कलमातच आहे. कायदा लिहिणारे उगाच शब्द खर्च करत नाहीत. मेलेल्या ढोराच्या रांगेत त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या लेकराची नाळ का आणून ठेवली? कारण गावगाड्याने ती त्याच रांगेत ठेवली होती. एक मरणाचा विटाळ, दुसरा जन्माचा विटाळ, आणि दोन्ही उचलणारे हात एकाच वस्तीतले.

महाराष्ट्रात सुईणीचे काम पुष्कळ ठिकाणी मांग समाजातल्या बायकांकडे होते, काही ठिकाणी महार बायकाही ते करत. रात्री-अपरात्री वाड्यावरून बोलावणे आले की सुईण निघे. ज्या वाड्याच्या ओट्याला एरवी तिचा पदर लागलेला चालत नसे, त्याच्या सर्वांत आतल्या खोलीत त्या रात्री तिला प्रवेश. बाळाला जगातला पहिला स्पर्श तिचा. नाळ तिने कापायची, वार तिने पुरायची, रक्ताने भरलेली लुगडी तिने धुवायची. मग सोयर फिटले, घर सारवून झाले, की तीच बाई पुन्हा अंगणाबाहेर. पदरात वरून टाकलेले पायलीभर जोंधळे आणि फार तर एखादा खण. ज्या पोराला तिने हातावर घेतले तेच पोर मोठे होऊन तिच्या सावलीचा विटाळ मानणार!

उत्तर भारतात याहून कडक रीत होती. पॅट्रिशिया जेफरी, रॉजर जेफरी आणि अँड्र्यू लायन यांनी उत्तर प्रदेशातील बिजनोर जिल्ह्यात बाळंतपणाचा अभ्यास करून १९८९ साली पुस्तक प्रसिद्ध केले. नाळ कापणे हे तिथे सगळ्या कामांत अधिक विटाळाचे समजले जाई आणि म्हणून ते दाईवर सोपवले जाई. त्याच उत्तर प्रदेशात दलितांनी, विशेषतः चर्मकार समाजाने, गेल्या शतकात 'नारा-मवेशी' आंदोलन केले. नारा म्हणजे नाळ, मवेशी म्हणजे गुरेढोरे. आमच्या बायका तुमच्या घरची नाळ कापणार नाहीत आणि आमचे पुरुष तुमचे मेलेले ढोर ओढणार नाहीत, इतकी साधी घोषणा. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला, शेतमजुरी गमावली, वाटा बंद झालेल्या सोसल्या. संशोधक बद्री नारायण यांनी हा इतिहास लिहून ठेवला आहे. महाडच्या सत्याग्रहाचा आणि मृत मांस सोडण्याचा इतिहास आमच्या पोरांना पाठ आहे, तो असायलाच हवा. पण ज्या लढ्यात बायका बिनीला होत्या, कारण नकार त्यांच्याच हाताने द्यायचा होता, तो 'नारा-मवेशी'चा लढा आमच्या शिबिरांत कोणी सांगत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. ज्या नाळेला हात लावल्याने माणूस बाटतो, तिच्या उघड्या जखमेवर गाईचे शेण मात्र चालते! शेण पवित्र, चुलीतली राख पवित्र, हळद-कुंकू पवित्र. कापणारी बाई तेवढी अपवित्र. इथे मनुवाद्यांच्या शुद्धीची सगळी लबाडी उघडी पडते. त्यांची शुद्धता ही वर्णाची आणि विटाळाची होती, तिचा स्वच्छतेशी संबंध नव्हता. स्वच्छता साबण मागते, उकळलेले पाणी मागते, न वापरलेले पाते मागते. शुद्धता मागते ती गोमूत्र आणि कोणाला तरी दूर ठेवण्याचा अधिकार. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की शेण लावण्याची चाल एकट्या हिंदू समाजाची नाही. पूर्व आफ्रिकेतल्या मसाई पशुपालकांतही ती होती आणि तिथेही लेकरे तशीच दगावत होती. जिथे गाय हीच संपत्ती, तिथे शेण पूज्य होते. फरक इतकाच की आमच्याकडे त्या शेणाला धर्मशास्त्राचा शिक्का मिळाला, आणि शिक्का मारलेल्या गोष्टीला प्रश्न विचारायची सोय राहत नाही.

लेकरे कशी दगावत होती? धनुर्वाताचे जंतू बीजाणूंच्या रूपाने मातीत आणि जनावरांच्या विष्ठेत वर्षानुवर्षे टिकून राहतात. कापलेल्या नाळेचा तुकडा मरत चाललेला असतो, त्याला रक्त मिळत नाही, प्राणवायू मिळत नाही. या जंतूला नेमकी अशीच जागा हवी असते. तिथे तो वाढतो आणि विष सोडतो. जन्मल्यावर दोन दिवस बाळ छान रडते, अंगावर पिते. तिसऱ्या दिवसापासून पुढे कधीतरी त्याचा जबडा आवळतो, ओढणे बंद होते, अंग ताठ होते, स्पर्श झाला की झटके येतात. बहुतेक बाळे उपचाराविना जात. आणि याच दिवसांत, पाचव्या-सहाव्या रात्री, आमच्या घरांत सटवाई येते! पाट मांडायचा, वही-लेखणी ठेवायची, सटवाई कपाळावर नशीब लिहून जाते. बाळ आखडून गेले तर सटवाईने तसेच लिहिले होते, म्हणायला मोकळे. ज्या हाताने शेण लावले त्या हाताला कोणी दोष दिला नाही. आई मात्र आयुष्यभर पांढऱ्या पायाची ठरली.

हा मृत्यू सटवाईने थांबवला नाही. तो थांबवला गर्भवतीला टोचलेल्या धनुर्वाताच्या लसीने, नव्या पात्याने आणि स्वच्छ दोऱ्याने. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे, हे पाच धडे नर्सबाईंनी आणि प्रशिक्षित दायांनी गावोगाव नेले. २०१५ साली भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. निर्मूलनाचा अर्थ समजून घ्या. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच तो अर्थ. जंतू मातीत आहेतच. म्हणून गरोदरपणातली लस आजही चुकवायची नाही.

मग आता काळजीचे कारण काय? महाराष्ट्रात नव्वद टक्क्यांहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात, नाळ तिथे निर्जंतुक कात्रीने कापली जाते आणि प्लास्टिकचा चिमटा लावला जातो. खरे आहे. पण साधे बाळंतपण झालेल्या आईला दोन-तीन दिवसांत घरी पाठवतात आणि नाळ पडते ती साधारण पाचव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान. म्हणजे कापणे दवाखान्यात, सुकणे घरी. घरी आजी असते, शेजारीण असते, तेलाची वाटी असते, धुरीची शेगडी असते. सुटीचा कागद हातात देताना आईला कोणी सांगते का की हा तुकडा आता कसा सांभाळायचा? कागदावर इंग्रजीत चार ओळी असतात, आणि वस्तीतल्या पोरीला 'पुढची तारीख' एवढेच समजते. बोलून समजावण्याइतकी ती डॉक्टरांना महत्त्वाची वाटत नाही. हाही एक विटाळच आहे, फक्त त्याला पांढरा कोट आहे.

म्हणून सरळ सांगतो. नाळेत दोन धमन्या आणि एक नीला असते, भोवती जेलीसारखा मऊ पदार्थ. तिच्यात संवेदना नेणाऱ्या नसा नसतात, म्हणून कापताना बाळाला दुखत नाही. कापल्यावर उरलेला देठ आधी पांढुरका-पिवळट, मग तपकिरी, मग काळा पडतो, आक्रसतो आणि आपोआप गळतो. त्याला सुकू देणे एवढेच आपले काम. हात साबणाने धुतल्याशिवाय त्याला शिवायचे नाही. तेल, हळद, राख, पावडर, कुंकू, शेण, विड्याचे पान, काही म्हणजे काही लावायचे नाही. लंगोट देठाच्या खाली दुमडायचा, म्हणजे लघवीने तो भिजत नाही. वर पोटपट्टा आवळायचा नाही, हवा लागू द्यायची. घाण लागलीच तर स्वच्छ पाण्याने पुसून कोरडे करायचे. पहिल्या २४ तासांत आंघोळ घालायची घाई करायची नाही. लोंबतो आहे म्हणून ओढून काढायचा नाही. गळताना रक्ताचे एक-दोन थेंब दिसले तर घाबरू नये. रक्त थांबतच नसेल तर लगेच निघावे. बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन ती लाली पसरू लागली, सूज आली, पू किंवा दुर्गंधी आली, बाळाला ताप आला किंवा उलट ते गार पडले, अंगावर पिणे सोडले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. नाळेतली नीला सरळ यकृताकडे जाते आणि पहिले काही दिवस ही वाट पुरती बुजलेली नसते. बेंबीतला जंतू रक्तात पोहोचायला वेळ लागत नाही. तीन आठवडे होऊनही नाळ पडली नाही तरी डॉक्टरांना दाखवावे. बेंबी फुगून बाहेर आली तर तिच्यावर रुपया बांधणाऱ्या आज्या अजून आहेत; बहुतेक मुलांत ती फुगवटी काही वर्षांत आपोआप मिटते, रुपया खिशातच ठेवावा.

काही लावूच नका, हा नियम सर्वत्र सारखा आहे का? इथे नेपाळची गोष्ट सांगण्यासारखी आहे. बिहारच्या सीमेला लागून असलेल्या सर्लाही जिल्ह्यात नाळेवर क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावून पाहिले गेले. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तिथे नाळेचा गंभीर जंतुसंसर्ग तीन-चतुर्थांशाने आणि बालमृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने कमी झाले. घरोघरी बाळंतपणे, आणि नाळेवर मोहरीचे तेल व काय काय लावण्याची रीत, अशा प्रदेशातला हा अनुभव. नेपाळ सरकारने त्याचे मलम गावोगाव पोहोचवले. पुढे झांबियात आणि टांझानियाच्या पेम्बा बेटावर हाच प्रयोग झाला, तिथे मृत्यूंत फरक दिसला नाही. म्हणून २०२२ च्या शिफारशींत जागतिक आरोग्य संघटना म्हणते की स्वच्छ आणि कोरडी नाळ हाच नियम. जिथे शेणासारखे घातक पदार्थ सर्रास लावले जातात, तिथे पहिल्या आठवड्यात क्लोरहेक्सिडिन. म्हणजे लावण्याची सवय सुटत नसेल तर शेणाच्या जागी निदान औषध तरी लावा! मात्र ही बाटली घरात आणून ठेवणाऱ्यांनी जपावे. डोळ्यांचे औषध समजून ती बाळाच्या डोळ्यांत घातल्याने डोळे गेल्याच्या घटना काही देशांत घडल्या आहेत आणि २०१९ मध्ये त्याबाबत जगभर इशारा द्यावा लागला.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्या नाळेची कथा निराळीच. खासगी रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात गुळगुळीत माहितीपत्रके असतात: बाळाच्या नाळेतले रक्त आमच्या बँकेत ठेवा, उद्या त्याला आजार झाला तर कामी येईल. हप्त्याची सोय आहे. स्वतःच्या भावी वापरासाठी हे रक्त जपून ठेवण्याला वैज्ञानिक आधार नाही, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. तेच रक्त बाळाला फुकट देण्याचा मार्ग मात्र आहे. जन्मल्याबरोबर नाळ न कापता १ ते ३ मिनिटे थांबायचे. तेवढ्यात वारेतले ८० ते १०० मिलीलिटर रक्त बाळाकडे येते आणि त्यातले लोह पुढचे काही महिने पुरते. ज्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील ६७ टक्के मुले रक्तक्षयी निघाली, तिथे ही तीन मिनिटे कोण वाचवतो आहे आणि कशासाठी? बाळाला किंवा आईला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तो निर्णय डॉक्टरांचा. एरवी 'थोडे थांबा' असे म्हणण्याचा अधिकार आईचा आहे.

अधिकाराची गोष्ट निघालीच आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, येण्याजाण्याचे वाहन मोफत आहे आणि आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत आहेत. मुलगा झाला म्हणून पेढ्यांचे पैसे मागणारा कर्मचारी दान नव्हे, लाच मागत असतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० च्या लक्ष्मी मंडल प्रकरणात मातेच्या आणि बालकाच्या आरोग्याला अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानले. दवाखान्यात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातीवरून अडवले तर सुधारित अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, जो २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, गुन्हा नोंदवता येतो. कलम ७-अ खाली नाळेचा एकही खटला माझ्या वकिलीत माझ्यासमोर आलेला नाही. दायांचे काम दवाखान्यांनी घेतले, म्हणून सक्ती संपली, असे म्हणावे का? दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत रक्त पुसणारी, वार बादलीतून नेणारी कंत्राटी बाई कोणत्या वस्तीतून येते, ते एकदा पाहून यावे. त्या बाईला हातमोजे मिळतात का, हेही विचारावे.

आणि ज्या सुईणींनी पिढ्यान्‌पिढ्या ही बाळंतपणे केली त्यांचे काय झाले? सरकारने त्यांना शिबिरांत बोलावले, पेटी दिली, पुढे २००५ नंतर धोरण बदलले आणि त्यांना घरी बसवले. प्रशिक्षित हातांकडून बाळंतपण व्हावे हे धोरण बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बिनपगारी, बिनपेन्शन घरी बसवलेल्या त्या म्हाताऱ्या बायकांपैकी अनेकींना पिणे सोडलेले बाळ नुसत्या रडण्यावरून ओळखता येत होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत हेच दाखवून दिले. गावातल्याच बायका शिकल्या, घरोघरी गेल्या, नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखून औषधोपचार करू लागल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट नोंदली गेली. २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी जाऊ लागल्या, त्याच्या मुळाशी हा अनुभव आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही. पहिल्या दोन-तीन भेटींत बेंबी पाहणे हे तिचे काम. या सगळ्या फेऱ्यांसाठी तिला अडीचशे रुपये ठरवले गेले होते, यावरून नवजात बाळाची सरकारी किंमत कळते. आशाताई आली आणि उंबऱ्यावरून 'बाळ बरंय ना' विचारून गेली, तर तिला घरात बोलवा, दुपटे बाजूला करून बेंबी दाखवा. ती आपल्या दारात येते की नाही, यावरही लक्ष ठेवा. अनेक गावांत वस्तीच्या तोंडाशी तिची फेरी संपते.

सर्वांत कठीण प्रश्न उरतो तो ऊसतोड करणाऱ्या बहिणींचा. बीड, जालना, नगरकडच्या टोळ्या सहा-सहा महिने कोप्यांत राहतात. त्यांत आपल्या वस्त्यांतल्या बायका किती, ते वाचकांना सांगायला नको. कोपीत बाळंत झालेली आई चार-दोन दिवसांत पुन्हा मोळ्या बांधायला उभी राहते, बाळ उसाच्या पाचटावर दुपट्यात, भोवती माती आणि बैलांचे शेण. ज्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू राहतात तीच माती. गावाकडच्या आशाताईच्या यादीत ही बाई 'स्थलांतरित' असते आणि कारखाना परिसरातल्या आशाताईच्या यादीत ती नसतेच. सहा भेटींतली एकही तिच्या वाट्याला येत नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू घेतली, ती गिरणीतल्या आणि कारखान्यातल्या बायकांसाठी. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. साखर कारखान्याच्या फडातल्या बाईला तो विसावा अजून मिळालेला नाही, कारण मुकादमाच्या उचलीत नवरा-बायको मिळून एकच 'कोयता' धरला जातो आणि कोयत्याला बाळंतपण नसते.

हंगाम दरवर्षी दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. टोळ्या निघण्याआधी गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचे नाव, महिना, लसीचा डोस आणि ती कोणत्या कारखान्याला चालली आहे हे लिहून त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणे, हे एका कागदाचे काम आहे. विहारातल्या महिला मंडळांना ते एका रविवारी करता येईल. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात स्वतंत्र महामंडळ आहे, साखर आयुक्तांचे कार्यालय आहे, जिल्हा परिषदेला आरोग्य अधिकारी आहेत. यादी हातात घेऊन या तिघांच्या दारात जा, पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का पाहून घ्या.